वाळका पाला उंट चौथ्या दिवशी का सोडतो?

होळीच्या आसपास दरवर्षी एकच तक्रार कानावर येते. उंटाला वाळका पाला घातला, तीन दिवस बरा खाल्ला, चौथ्या दिवसापासून नुसता हुंगतो आणि मान फिरवतो. लेंड्या सुपारीसारख्या टणक झाल्यात, मदार ओसरायला लागली आहे, आणि गव्हाणीत अर्धा पाला तसाच पडून आहे. मग कोणी जंताचं औषध पाजतं, कोणी जिभेला हळद-मीठ चोळतं, कोणी उंटालाच नखरेल ठरवतं.

बडोद्याच्या वेशीवरच्या एका पांजरपोळात मी गेली अकरा वर्षं चाऱ्याचं काम बघते. सध्या आमच्याकडे सात उंट आहेत, पाच सांडण्या आणि दोन नर. बहुतेक चोरून नेताना अडवलेल्या ट्रकांतून आलेले. गाई-म्हशींचं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, उंटाचं काहीच नव्हतं, त्यामुळे ही चूक आम्ही स्वतः सलग तीन उन्हाळे केली. आता ठामपणे सांगते: खोट बहुतेक वेळा उंटात नसते, पाल्यात असते. झाडाखाली पडलेला पाला आणि हिरवा तोडून वाळवलेला पाला या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपण त्यांना एकाच नावानं हाक मारतो.

पण पाल्याकडे वळण्याआधी चार गोष्टी बघून घ्या, नाहीतर भलत्याच जागी उपचार होईल.

नर असेल आणि थंडीचे दिवस असतील, तर तो माजावर आला आहे का ते बघा. तोंडातून फेस येतो, घशातून गुडगुड आवाज येतो, तोंडाच्या कडेनं लाल फुग्यासारखा मऊ टाळू बाहेर लोंबतो आणि मानेमागच्या ग्रंथी पाझरतात. या काळात नर खाणं जवळजवळ सोडतोच. तो माज आहे, आजार नाही.

ताप येऊन-जाऊन असेल, पावसाळ्यानंतर हळूहळू वाळत चालला असेल, तर रक्त तपासून घ्या. सर्रा हा चावऱ्या घोडमाश्यांमुळे पसरणारा रक्ताचा रोग उंटाला आतून पोखरतो, आणि सुरुवातीला दिसतं ते एवढंच की जनावर नीट खात नाही. शहराजवळचा उंट असेल तर पोटातल्या प्लास्टिकचा संशयही धरायलाच हवा. म्हातारा असेल तर दाढा बघा. रवंथ पूर्ण थांबली असेल, लेंड्या पडत नसतील, डावी कूस फुगली असेल, तर हे पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

यातलं काहीच नसेल, तर पाल्याचं पोतं उघडा.

आमच्याकडे सुरुवात चांगल्या हेतूनं झाली. फाल्गुन-चैत्रात बडोद्यात पानगळीला ऊत येतो. वड, पिंपळ, कडुनिंब, सगळी एकदम झडतात. सोसायट्यांच्या कोपऱ्यांत ढीग लागतात, आणि संध्याकाळी कोणीतरी ते पेटवून देतं. कुणीतरी सुचवलं की जाळण्यापेक्षा पांजरपोळात द्या, उंट खातील. दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंतची माणसं स्कूटरवर पोती घालून यायला लागली. देणाऱ्यांचं मन इतकं मोठं होतं की नको म्हणायची कुणाची छाती होईना.

एक रबारी काका तेव्हा आमच्या रस्त्यानं उंट घेऊन जाताना पाण्याला थांबायचे. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर पानं काढली, चुरली आणि म्हणाले, "बेन, हे तर झाडानं टाकलेलं. झाडानं आपला जीव आत ओढून घेतला आणि सालपटं टाकली. उंटाला यात काय सापडणार?"

विज्ञान नेमकं हेच सांगतं. पान गळायच्या आधी झाड त्यातला नायट्रोजन परत फांदीत ओढून घेतं, सर्वसाधारणपणे निम्म्याच्या आसपास. नायट्रोजन गेला म्हणजे प्रथिनं गेली. मागे राहतं ते तंतू, लाकूडपणा आणि तुरटपणा. उंटाच्या पोटातल्या जिवाणूंना तंतू फोडायला नायट्रोजन लागतो. तो मिळाला नाही की त्यांचं काम मंदावतं, पोटातला चारा पुढे सरकत नाही, आणि पोट भरलेलं असल्यामुळे जनावर खात नाही. चौथ्या दिवसाचं कोडं इथे सुटतं. पहिले तीन दिवस उंट भुकेपोटी खातो, मग आतली गाडी तुंबते. तो नखरे करत नाही, त्याच्या पोटात जागाच नसते.

घरी करून बघा. वर्तमानपत्रावर दोन मुठी कडुनिंबाची पानं ठेवा, एक झाडाखालून गोळा केलेली आणि एक हिरवी डहाळी तोडून सावलीत वाळवलेली. पहिली पिवळट-तपकिरी, हलकी, कागदासारखी, नाकाला लावली तर मातीचा वास. दुसरी राखाडी-हिरवी, कुरकुरीत, चहाच्या डब्यासारखा वास. डोळे मिटून नुसत्या वासावरून ओळखता येतात. उंटाचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आहे, त्याला हे सांगावं लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, कोरड्या माळरानात उंट पडलेली पानं खातातच की. खातात. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात कोरड्या ऋतूच्या शेवटी उंट जमिनीवरचा पाला आणि शेंगा वेचताना दिसतात. पण तिथला उंट दिवसभर चालत असतो. या झाडाचे दोन घास, त्या झुडपाचे चार, मधेच बाभळीच्या शेंगा, मधेच हिंगणबेटाची हिरवी काटेरी फांदी. तिथे फैदर्बिया नावाची एक बाभूळवर्गीय जात आहे. ती पावसाळ्यात पानं टाकते आणि कोरड्या ऋतूत हिरवी राहते, म्हणून गुराख्यांचा तिच्यावर फार जीव. अशा जेवणात पडलेला पाला म्हणजे ताटातली चटणी. आपण त्याच उंटाला खुंट्याला बांधतो आणि चटणीच पोटभर वाढतो.

तेव्हा पहिला उपाय हा, की पडलेला पाला बंद करायची गरज नाही, पण तो एकूण चाऱ्याच्या पाव हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. बाकीचा पाला हिरवा तोडून वाळवलेलाच हवा.

मारवाडात हे शास्त्र पूर्वीपासून आहे. तिथे खेजडी, म्हणजे आपली शमी, थंडीच्या दिवसांत छाटतात आणि तिचा पाला वाळवून ठेवतात. त्याला लूंग म्हणतात. बोरीची झुडपं कापून वाळवतात, काठीनं झोडपून काट्यांपासून पानं वेगळी करतात. गंमत म्हणजे आपण मराठीत कुठल्याही पानांना पाला म्हणतो, मारवाडात पाला म्हणजे खास बोरीचाच. त्या माणसांनी प्रत्येक झाडाच्या वाळक्या पानाला वेगळं नाव दिलं, कारण प्रत्येकाचा गुण त्यांना वेगळा दिसत होता. बिकानेरला १९८४ मध्ये उंटावरच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, आणि वाळवंटातल्या झाडपाल्यावर देशात बराच अभ्यास झाला आहे. त्यातही ही झाडं पुन्हापुन्हा येतात.

बडोद्याच्या आसपास खेजडी थोडी, पण अरडुसो भरपूर. मराठीत त्याला महारुख म्हणतात. झाड भराभर वाढतं, छाटलं तरी फुटतं, आणि पाल्यात प्रथिनं भरपूर. आमच्या आवारात आम्ही तीस झाडं लावली. शेवगाही उत्तम, फक्त त्याचा पाला वाळवताना उन्हात टाकला तर फिकट पडतो.

वाळवणं हीच या कामातली खरी कला आहे आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. आमची रीत सांगते. पाऊस उघडला की, म्हणजे दसऱ्यानंतर, फांद्या सकाळी दव उडाल्यावर तोडायच्या. शेडखाली ताडपत्री अंथरून त्यावर वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर द्यायचा. दिवसातून दोनदा हलक्या हातानं परतायचा. भर उन्हात टाकलात तर पान वरून वाळतं, देठ ओला राहतो, आणि बारीक पानं परतताना गळून माती होते. त्या गळणाऱ्या पानांतच खरं सत्त्व असतं, हातात उरतात ते देठ. म्हणून खाली ताडपत्री हवीच, गळालेला चुरा गोळा करता आला पाहिजे.

वाळलं की नाही हे पानावरून ठरवू नका, देठावरून ठरवा. देठ वाकवला की कट्‌कन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर अजून एक दिवस. शंका असेल तर काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर पाला आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. मीठ मोकळं राहिलं तर ठीक, गोळे झाले किंवा काचेला चिकटलं तर आत ओल आहे. वाळल्या गवतासाठीची ही जुनी युक्ती आहे, पाल्यालाही लागू पडते.

ओल राहिलेला पाला आम्ही एका वर्षी खताच्या रिकाम्या प्लास्टिक गोण्यांत भरला होता. दिवाळीनंतर गोणी उघडली तर मधोमध हात घालताच ऊब लागली, जसा उकिरड्यात लागतो. पानांवर पांढरी साय आली होती. अशी बुरशी लागलेला पाला वरवर झटकून घालू नका, सगळं पोतं खतात टाका. बुरशीचं विष झटकून जात नाही. तेव्हापासून तागाची पोती, आणि ती जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांच्या मचाणावर, भिंतीपासून हातभर लांब.

चांगला वाळवलेला पाला घालूनही उंट सोडत असेल, तर पुढचा संशयित तुरटपणा. बाभूळ, शमी, बोर, यांच्या पानांत टॅनिन असतं. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात ते याच गुणामुळे. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरतं आणि घट्ट करतं. पोटात गेल्यावर चाऱ्यातल्या प्रथिनांनाही ते तसंच धरतं आणि पचू देत नाही. उंट हे इतर जनावरांपेक्षा बरंच सहन करतो, पण महिनाभर एकाच बाभळीचा पाला म्हणजे त्यालाही जड. उपाय सोपा आहे, मिसळा. आम्ही महारुख, बोर आणि शमी तिन्ही एकत्र करतो आणि त्यात भुईमुगाचा वाळका वेल किंवा हरभऱ्याचं भुसकट तिसरा हिस्सा घालतो. गवारीचं भुसकट मिळालं तर सोन्याहून पिवळं. भाताचा पेंढा मात्र घालून बघू नका, गाईच्या सवयीनं आपला हात तिकडे जातो आणि उंट त्याच्याकडे बघतही नाही.

सुबाभळीबद्दल जपून. प्रथिनं भरपूर, उंट आवडीनं खातो, म्हणून माणसं तीच घालत सुटतात. तिच्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. जास्त दिवस जास्त प्रमाणात गेली की केस गळतात आणि गळ्याच्या ग्रंथीवर परिणाम होतो. पाव हिश्शाच्या आत ठेवा.

आता पाणी. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त उंट इथे सोसतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

उंटाला पाणी लागत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हिरव्या झाडांवर चरणाऱ्या उंटाबाबत ते बरंचसं खरं आहे. हिशेब करून बघा. मध्यम उंटाला दिवसाला साधारण आठ किलो कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, लागतो. हिरव्या पाल्यात दोन तृतीयांश पाणी धरलं तर हा आठ किलो मिळवायला तो चोवीस किलो हिरवा पाला खाईल, आणि त्याबरोबर सोळा लिटर पाणी आपोआप पोटात जाईल. तेच आठ किलो वाळक्या पाल्यातून दिलेत तर पाणी एक लिटरसुद्धा जात नाही. म्हणजे चारा बदलला त्या दिवसापासून उंटाचं रोजचं पंधरा लिटर पाणी आपण नकळत काढून घेतलं. वर चैत्राचं ऊन. तहानलेलं रवंथ करणारं जनावर पहिली गोष्ट करतं ती खाणं कमी करण्याची.

आमच्याकडे तीन दिवसांतून एकदा पाणी दाखवायची रीत होती, कारण उंटवाल्यांना तसं करताना पाहिलं होतं. ते हिरव्या रानात होते, आम्ही वाळक्या पोत्यांवर, हा फरक कळायला वेळ लागला. ज्या आठवड्यात हौद रोज भरायला लागलो, त्याच आठवड्यात लेंड्या बदलल्या. टणक, फिकट, भेगाळलेल्या होत्या त्या खजुराच्या आकाराच्या, गडद, वरून चकचकीत व्हायला लागल्या. काडीनं एक फोडून बघितली तर आत बारीक तंतू होते, आधी अख्ख्या देठाचे तुकडे सापडायचे. तेव्हापासून मी रोज सकाळी आधी लेंड्या बघते, मग गव्हाण.

पाणी फार तहानलेल्या उंटाला एकदम मोकळं सोडायचं की नाही, असं लोक विचारतात. उंट दहा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊ शकतो, त्याच्या रक्तपेशी ते सोसायलाच बनल्या आहेत. तेव्हा त्या भीतीनं हौद झाकून ठेवू नका.

पाण्याबरोबर मीठ. उंटाला मीठ गाय-म्हशीपेक्षा कितीतरी जास्त लागतं. रानात ते त्याला खाऱ्या झुडपांतून, पिलू नावाच्या झाडाच्या पानांतून मिळतं. आपल्याच भरूच जिल्ह्यात, नर्मदेच्या मुखाजवळ, आलियाबेटावरचे जत लोक उंट पाळतात, आणि कच्छचा खाराई उंट तर पोहत जाऊन चेरची, म्हणजे खाडीतल्या तिवराची, खारट पानं खातो. त्याला २०१५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. असा खारावर वाढलेला उंट महारुख आणि कडुनिंबाच्या अळणी पाल्यावर आणून बांधला तर तो भिंती चाटणारच. आम्ही प्रत्येकी रोज पन्नास-साठ ग्रॅम जाडं मीठ चाऱ्यात घालतो, शिवाय एक खडा बांधून ठेवतो. भिंत चाटणं, हाडं-चिंध्या चघळणं सुरू झालं की मीठ आणि खनिज मिश्रण आधी तपासा.

बारीक चुऱ्याची तक्रार वेगळी आहे. शमी-बाभळीची पानं इतकी लहान की पोत्याच्या तळाशी पावडर साचते. ती नाकात गेली की उंट फुर्र करतो आणि गव्हाणच सोडतो. चुरा वेगळा चाळून घ्या, गुळाच्या पाण्यात मीठ विरघळवून त्यावर शिंपडा, हातानं कालवा आणि लगेच घाला. दुपारपर्यंत राहिला तर आंबतो, तो उचलून टाका. आणि गव्हाण जमिनीवर ठेवू नका. उंट मान वर करून खाणारा प्राणी, त्याच्या छातीच्या उंचीवर जाळी किंवा गव्हाण बांधा. जमिनीवरून खाताना पाल्याबरोबर वाळू जाते, आणि ती पोटात बसते.

सोसायट्यांकडून पाला घेणार असाल तर हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाळा. पोतं कधीही थेट गव्हाणीत ओतायचं नाही. आम्ही ताडपत्रीवर पसरतो आणि दोघं समोरासमोर बसून निवडतो, तांदूळ निवडतात तसं. एका पोत्यातून गुटख्याच्या पुड्या, राखीचा दोरा, स्टेपलरच्या पिना आणि मूठभर लांबट, जाडसर, कडेला सरळ पानं निघाली होती. ती कण्हेरीची होती. कण्हेर बडोद्याच्या प्रत्येक बागेत आणि दुभाजकावर आहे. तिची थोडी पानंसुद्धा उंटाचं हृदय बंद पाडू शकतात. वाळल्यावर कडूपणा जनावराला कमी जाणवतो, विष तसंच राहतं. पिवळी कण्हेर, एरंड, घाणेरी, हीही बाजूला काढा. ज्या सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर आहे तिथला पाला आम्ही घेतच नाही, कितीही जुना ओळखीचा माणूस असला तरी. त्यांना आम्ही सांगतो, तो खतासाठी ठेवा आणि आम्हाला महारुखाच्या हिरव्या फांद्या द्या.

शेवटचं, बदल हळू करा. हिरव्यावरून वाळक्यावर एका दिवसात नेऊ नका. पोटातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. आम्ही पहिले पाच दिवस पाव हिस्सा वाळका, पुढचे पाच दिवस अर्धा, मग पाऊण, असं जातो, आणि उन्हाळाभर रोज थोडी तरी हिरवी डहाळी ठेवतो. तुमचा उंट आत्ता चौथ्या दिवशी अडला असेल, तर आज वाळका पाला पूर्ण काढा. कडुनिंब किंवा बोरीची हिरवी फांदी टांगा, हौद भरा, मीठ द्या, आणि चोवीस तास रवंथ मोजा. रवंथ सुरू असेल आणि लेंड्या पडत असतील, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरच्या प्रमाणात पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, या वेळी चहाच्या डब्यासारखा वास येणाऱ्या पोत्यातून.